सर्वर घेता लाखाचा, पण त्याचं सेटअप कोणी उघडून पाहत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात तालुक्याच्या पानावर सर्वर डाऊन, कास्तकार ताटकळले अशी बातमी आली की मी ती पूर्ण वाचतो कारण माझा धंदाच तो आहे, यवतमाळ-वाशीम भागात कॉम्प्युटर, सर्वर, यूपीएस, प्रिंटर जे येईल ते दुरुस्त करतो. दर वेळी वाटतं यावर कोणीतरी नीट लिहिलं पाहिजे, म्हणून आज मीच लिहितो. पत्र लांबलं तर कापा, पण मधली कामाची गोष्ट ठेवा ही विनंती.

आधी एक सांगून टाकतो. रेशनच्या मशीनचा सर्वर, सातबाऱ्याचा सर्वर हे आपल्या गावात नसतातच, ते अडले तर इथला माणूस काही करू शकत नाही. सोसायट्यांचं पण आता तसंच होत चाललंय, २०२२ मधे केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसोसायट्या कॉम्प्युटरवर आणायची योजना मंजूर केली त्यात सगळ्यांचं सॉफ्टवेअर एकाच सिस्टीमवर चालतं, त्यामुळे त्यासाठी गटसचिवाला बोलून उपयोग नाही. माझं म्हणणं आहे ते आपल्याच गावात, आपल्याच पैशाने घेतलेल्या सर्वरबद्दल. कॉलेजची लायब्ररी आणि ॲडमिशन, पतसंस्था, जिनिंग, दवाखाना, बाजार समिती, यांच्याकडे एक-दोन सर्वर असतातच, कपाटात नाहीतर जिन्याखालच्या खोलीत ठेवलेले. ते बंद पडले की दोन-दोन दिवस काम बंद राहतं आणि त्यातल्या पुष्कळ वेळा सर्वर खराब झालेलाच नसतो.

कोणताही ब्रँडेड सर्वर घ्या, त्याच्या मदरबोर्डवर मेन कॉम्प्युटरशिवाय अजून एक बारका कॉम्प्युटर बसवलेला असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, आणि बहुतेक सर्वरच्या मागे त्याचं स्वतःचं वेगळं नेटवर्क पोर्ट असतं. सर्वर बंद असो, विंडोज उडालेलं असो, डिस्क गेलेली असो, मागे वीज लागलेली आहे तोवर हा बारका कॉम्प्युटर जागा असतो. डेलवाले त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ, लेनोव्होमधे एक्सक्लॅरिटी, सुपरमायक्रोवाले नुसतं आयपीएमआय म्हणतात. ही काही काल-परवाची गोष्ट नाही, आयपीएमआयचं स्टँडर्ड इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या चार कंपन्यांनी १९९८ मधे काढलं, आणि याच कामासाठी रेडफिश नावाचं नवीन स्टँडर्ड २०१५ मधे आलं. त्या पोर्टला एक साधी नेटवर्क केबल लावली आणि आयपी नंबर दिला की ब्राउझरमधे सगळं दिसतं, पंखा कोणता फिरत नाही, डिस्क कोणती गेली, आत येणारी हवा किती गरम आहे, वीज कधी गेली कधी आली, सगळं तारीख-वेळेसकट. तिथूनच सर्वर चालू-बंद करता येतो. आणि मी ज्या ज्या ठिकाणी जातो तिथे बहुतेक सगळीकडे हे पोर्ट रिकामं, कित्येक ठिकाणी तर त्यावरचं प्लास्टिकचं बूच पण काढलेलं नसतं.

कापसाच्या सीझनमधली एका जिनिंगची गोष्ट सांगतो, नाव नको. रात्री लाइट गेली, यूपीएस संपला, सर्वर बंद झाला. सकाळी बटण दाबलं, पंखे फिरले, समोरचा दिवा लागला, पण काट्यावरच्या कॉम्प्युटरला सर्वर काही सापडेना. फाटकाबाहेर गाड्यांची लाइन, काटापट्टी निघत नाही, चुकारे थांबले. मी तिथेच प्रिंटरच्या कामाला होतो, म्हटलं मॉनिटर लावून पाहू का, तर मॅनेजर म्हणे "वॉरंटीत हाये जी, हात नका लावू". त्यांचंही चुकीचं नाही, त्यांना तसंच सांगून ठेवलेलं. नागपूरहून इंजिनिअर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. त्याने मॉनिटर जोडला तर स्क्रीनवर मेसेज होता की दोनपैकी एका पॉवर सप्लायला वीज मिळत नाहीये, पुढे जायला एफ-१ दाबा, सेटअपमधे जायला एफ-२ दाबा. त्याने एफ-१ दाबला. झालं, सर्वर चालू.

म्हणजे तो सर्वर रात्रभर आणि दिवसभर कोणीतरी एक बटण दाबेल याची वाट पाहत उभा होता, आणि त्याला कीबोर्ड-मॉनिटर काहीच जोडलेलं नव्हतं म्हणून कोणाला कळलंच नाही. दुसऱ्या पॉवर सप्लायची वायर यूपीएसच्या ज्या सॉकेटला होती ते सॉकेटच गेलेलं. आता बायोसच्या सेटअपमधे, म्हणजे चालू करताना एफ-२ दाबून जे निळं-पांढरं पान येतं तिथे, पुष्कळ सर्वरमधे एक सेटिंग असते की बारीकसारीक एरर आली तर एफ-१ साठी थांबायचं का तसंच पुढे जायचं. ही सेटिंग आधीपासून थांबायचं अशीच येते. जिथे चोवीस तास माणूस बसलेला आहे तिथे ते ठीक आहे, आपल्याकडे ती बंद करून ठेवायला पाहिजे आणि एररची खबर ईमेलने यायची सोय करायला पाहिजे. नुसती बंद केली आणि खबर नाही लावली तर ती वायर गेलेली कोणाला कळणारच नाही, हे पण लक्षात ठेवा.

अशीच अजून एक सेटिंग, वीज परत आली की काय करायचं. तिथे साधारण तीन पर्याय असतात, बंदच राहायचं, चालूच व्हायचं, किंवा आधी जसा होता तसा. बहुतेक ठिकाणी हा तिसरा पर्याय लावलेला असतो आणि ऐकायला तो बरा वाटतो, पण काय होतं की यूपीएसचं सॉफ्टवेअर बॅटरी संपत आली की सर्वरला नीट शटडाऊन करतं, मग सर्वरच्या हिशोबाने "आधी जसा होता" म्हणजे बंद! लाइट आली तरी तो बंदच राहतो, आणि सकाळी दहाला क्लार्क येईपर्यंत कोणाला पत्ता नसतो. आपल्या भागात पावसाळ्यात वीज कडाडली की फिडर बंद, कधी डीपीच जळते, उन्हाळ्यात ओव्हरलोडने ट्रिप, इथे तो पर्याय चालूच करून ठेवावा आणि त्याखाली थोडा उशीर द्यायची जागा असते तिथे काही मिनिटं टाकावी, कारण लाइट आली की पहिल्या मिनिटात ती दोन-तीनदा जाते-येते हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आता डिस्कचं. हे मला सगळ्यात जास्त लागतं कारण यात लोकांचा डाटा जातो. सर्वरमधे तीन-चार डिस्क मिळून रेड (RAID) केलेलं असतं, म्हणजे डाटा सगळ्या डिस्कवर मिळून वाटून ठेवलेला असतो, रेड ५ असेल तर एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, दुसरी गेली की सगळं गेलं. पहिली गेली की त्या डिस्कवरचा दिवा पिवळा-नारिंगी होतो. एका कॉलेजात मी दुसऱ्याच कामाला गेलो तर दिवा पिवळा, विचारलं तर शिपाईभाऊ म्हणतात "तो लाइट तर पह्यलेपासूनच तसाच लागते". पह्यलेपासून म्हणजे कधीपासून ते मग आतल्या लॉगमधे, म्हणजे सर्वर स्वतः ठेवतो त्या नोंदींमधे पाहिलं, डिस्क आधीच्या उन्हाळ्यात गेलेली होती. वर्षभर ते कॉलेज, मुलांच्या मार्कांसकट, एका डिस्कच्या नशिबावर चाललं होतं. ट्रॅक्टरच्या मीटरवर तेलाचा लाल दिवा लागला तर घरातलं शाळकरी पोरगं पण सांगतं इंजिन बंद करा म्हणून, आणि इथे एवढ्या महागाच्या मशीनचा दिवा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लागलेला आणि तो कशाचा हे कोणाला कोणी सांगितलंच नाही. त्यांची डिस्क वेळेवर बदलली गेली, रिबिल्ड झालं, म्हणजे नवीन डिस्कवर डाटा परत भरला गेला, मोठी डिस्क असली की त्याला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ लाइट जाऊ नये म्हणून जनरेटर तयार ठेवला होता.

डिस्कवरून अजून एक धोका सांगतो, ज्यांच्या हाताखाली सर्वर आहे त्यांनी हा परिच्छेद कापून भिंतीवर लावला तरी चालेल. कधी डिस्क हलली, काढून परत बसवली, किंवा डिस्क ज्याला जोडलेल्या असतात ते रेड कार्ड बदललं की चालू होताना मेसेज येतो, फॉरेन कॉन्फिगरेशन फाउंड. तिथे इम्पोर्ट आणि क्लिअर असे दोन रस्ते असतात. घाईत क्लिअर दाबलं की डिस्कवर रेडची जी मांडणी लिहिलेली असते ती पुसली जाते आणि मग डाटा काढायला मोठ्या शहरात रिकव्हरीवाल्यांकडे पळावं लागतं, तरी मिळेलच असं नाही. असा मेसेज आला तर काहीच दाबू नका, फोटो काढा आणि जाणकार माणसाला विचारा. आणि रेड आहे म्हणून बॅकअप लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, चुकून फाईल डिलीट झाली किंवा व्हायरस आला तर तो सगळ्या डिस्कवर एकदमच होतो.

एका पतसंस्थेत तर वेगळंच. सर्वर अचानक स्लो झाला, दिवसअखेरीचं काम संध्याकाळी व्हायचं ते रात्री उशिरापर्यंत चालायला लागलं. पुरवठादार म्हणाला सर्वर जुना झाला, नवीन घ्या, कोटेशन पण देऊन गेला, संचालक मंडळात विषय पण आला. मी आतल्या सेटअपमधे रेड कार्डाचं पान उघडलं तर बॅटरी फेल. या कार्डावर थोडी मेमरी असते, डाटा आधी तिथे लिहून मग निवांत डिस्कवर जातो, याला राइट-बॅक म्हणतात, आणि लाइट गेली तर ती मेमरी जपायला छोटी बॅटरी असते. बॅटरी मेली की कार्ड आपोआप सावध होऊन सगळं थेट डिस्कवर लिहायला लागतं, ते राइट-थ्रू, आणि सर्वर रांगायला लागतो. बॅटरी बदलली, आणि काम परत आधीच्या वेळेत व्हायला लागलं. सभासदांचे लाखो रुपये वाचले ते एक पान उघडून पाहिल्यामुळे, आणि ते पान त्या सर्वरमधे पहिल्या दिवसापासून होतं.

उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. बहुतेक साध्या सर्वरच्या कागदावर लिहिलेलं असतं की आत येणारी हवा १० ते ३५ डिग्री पाहिजे, काही मॉडेल ४० पर्यंत सहन करतात. आपल्याकडे मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा ४५ च्या वर जातो आणि जिन्याखालच्या खोलीत पत्र्याची भिंत असली तर विचारूच नका. एसी असतो पण ऑफिस सुटताना बिल वाचवायला शिपाई तो बंद करून जातो, सर्वर मात्र रात्रभर चालू. काही ठिकाणी खिडकीला कूलर लावतात. मी कूलरच्या विरोधात नाही, मेच्या कोरड्या हवेत तो खरंच गारवा देतो आणि लाइट पण कमी खातो, पण तो बाहेरची धूळ आत ओढतो, वाळ्याचा भुसा उडतो, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की तो नुसती ओल आत सोडतो, तेव्हा तरी तो बंद करा. सगळ्यात सोपं म्हणजे त्या बारक्या कॉम्प्युटरमधे तापमानाची वॉर्निंगची मर्यादा थोडी खाली आणता येते आणि ईमेल लावता येतो, ३२-३३ डिग्री झाली की सेक्रेटरीच्या मोबाइलवर मेल येईल, कोणीतरी जाऊन एसी लावेल. नाही लावलं तर पंखे फुल स्पीडने ओरडतात आणि अजून तापलं की सर्वर स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि सकाळी परत तेच, सर्वर डाऊन.

तारखेचं पण सांगायचं राहिलं. मदरबोर्डवर नाण्याएवढा सीआर २०३२ सेल असतो, दुकानात कुठेही मिळतो, तो मेला आणि लाइट जास्त वेळ गेली की तारीख मागे जाते, कधी बायोसच्या सेटिंग पण मूळ पदावर जातात. पतसंस्थेत तारीख चुकली की व्याज चुकतं. चार-पाच वर्षांत सेल बदलून टाका, आणि बदलायच्या आधी सेटअपच्या सगळ्या पानांचे मोबाइलने फोटो काढून ठेवा, विशेष करून बूट मोड, म्हणजे विंडोज सुरू करायची पद्धत, यूईएफआय आहे का लेगसी ते, कारण ते उलटं झालं की विंडोज सापडतच नाही आणि माणसाला वाटतं डिस्क गेली. डेलमधे तर सगळ्या सेटिंगची फाईलच पेन ड्राइव्हवर काढून ठेवता येते.

नवीन विंडोज टाकताना पण हाच घोळ. इन्स्टॉल करताना म्हणतं एकही डिस्क सापडत नाही, कारण रेड कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड विंडोजला ओळखू येण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर, त्यात नाही. मग इंजिनिअर मोबाइलच्या एका कांडीच्या नेटवर्कवर ड्रायव्हर डाउनलोड करत अर्धा दिवस बसतो. तोच ड्रायव्हर सर्वरच्या आत असतो! चालू करताना एफ-१० दाबा, डेलमधे लाइफसायकल कंट्रोलर उघडतो, एचपीमधे इंटेलिजंट प्रोव्हिजनिंग, तिथून इन्स्टॉल केलं की ड्रायव्हर तो स्वतः देतो. डेलमधे ही सोय २००९ पासूनच्या सर्वरमधे आहे, एचपीमधे २०१२ च्या जेन ८ पासून ती बोर्डावरच असते. खेड्यात जिथे इंटरनेटचा भरवसा नाही तिथे तर हेच खरं कामाचं आहे.

आता हे वाचून कोणी उद्याच त्या बारक्या कॉम्प्युटरचं पोर्ट सरळ इंटरनेटच्या राउटरला जोडून बाहेर उघडं करेल, तर तसं बिलकुल करू नका. हे पोर्ट म्हणजे सर्वरची पूर्ण सत्ता आहे. जुन्या सर्वरचे पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहेत, डेलचा रूट आणि कॅल्विन, सुपरमायक्रोचा दोन्ही जागी ॲडमिन, ते तसेच ठेवलेले मी कितीतरी ठिकाणी पाहतो. नवीन सर्वरला वेगळा पासवर्ड समोरच्या सरकत्या पट्टीवर किंवा स्टिकरवर छापून येतो पण तो पण बदला. २०१७ मधे एचपीच्या आयएलओ ४ मधे असा दोष निघाला होता की पासवर्ड माहीत नसताना एका ठिकाणी ए हे अक्षर २९ वेळा पाठवलं की कुलूप उघडत होतं, कंपनीने २.५३ नंबरच्या फर्मवेअरमधे (त्या बारक्या कॉम्प्युटरच्या आतलं सॉफ्टवेअर) तो बंद केला, पण फर्मवेअर टाकलं तर ना. पुढच्याच वर्षी इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या आयएलओवर खंडणीवाले घुसले. म्हणून हे पोर्ट फक्त आतल्या नेटवर्कला ठेवा, बाहेरून लागलंच तर व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद खाजगी रस्त्याने या, आणि फर्मवेअर वर्षातून एकदा तरी पाहा. फर्मवेअर टाकताना मात्र यूपीएस चार्ज असल्याची खात्री करा, मधेच लाइट गेली तर बोर्डच बसू शकतो.

संपादक साहेब, यात दोष मी क्लार्कचा किंवा शिपायाचा धरत नाही, त्यांना कोणी शिकवलंच नाही. दोष खरेदीच्या पद्धतीत आहे. टेंडर नाहीतर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर स्पेसिफिकेशन टाकताना प्रोसेसर, रॅम, डिस्क एवढंच पाहतात. या बारक्या कॉम्प्युटरचं पूर्ण लायसन्स वेगळं घ्यावं लागतं, डेलमधे एंटरप्राइज, एचपीमधे ॲडव्हान्स्ड. ते नसलं तर तब्येत दिसते, चालू-बंद करता येतं, पण सर्वरची स्क्रीन लांबून पाहायची सोय डेलमधे मिळत नाही आणि एचपीमधे विंडोज सुरू झालं की बंद होते. सर्वरच्या किमतीपुढे ते लायसन्स थोडक्यात असतं आणि नेमकी तीच ओळ गाळतात. त्या जिनिंगकडे लायसन्स आणि केबल दोन्ही असतं तर नागपूरच्या इंजिनिअरने घरी बसून व्हीपीएनवरून तो एफ-१ दाबला असता. पुरवठादार सर्वर आणतो, विंडोज टाकतो, चालान वर सही घेतो आणि जातो, पासवर्ड त्याच्याच डायरीत राहतो. मग तो दुसऱ्या कंपनीत गेला की स्वतःच्या सर्वरमधे जायला संस्थेला रस्ता नाही.

माझी मागणी एवढीच आहे की हँडओव्हरच्या दिवशी पुरवठादाराने संस्थेच्या दोन माणसांसमोर सेटअपची पानं उघडून दाखवावी, रेड कसं केलं ते कागदावर लिहून द्यावं, पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत ठेवावा, ईमेलची वॉर्निंग लावून एक टेस्ट मेल सगळ्यांसमोर आणून दाखवावा, आणि हे झाल्याशिवाय बिल पास करू नये. आणि दुसरं, कॉलेज आणि ऑफिसमधून जे सर्वर निर्लेखनात निघतात आणि भंगारवाल्याला किलोने जातात, त्यातले चालू असलेले डिस्क पुसून तालुक्याच्या आयटीआयला द्यावे. तिथे कोपा या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ट्रेडची मुलं-मुली वर्षभर कॉम्प्युटर शिकतात, त्यांना एकदा रेड तोडून परत जोडू द्या, डिस्क काढून दिवा पिवळा झालेला पाहू द्या, बिघडलं तरी कोणाचं काही जाणार नाही. ही मुलं मग गावातच हे काम करतील, त्यांना पुण्याला जावं लागणार नाही आणि संस्थांना नागपूरची वाट पाहावी लागणार नाही.

मार्चएंडच्या खरेदीच्या फायली आता टेबलावर यायला लागतील. कॉलेजचे प्राचार्य, पतसंस्थांचे मॅनेजर, बाजार समितीचे सचिव आपला पेपर रोज वाचतात, म्हणून हे पत्र त्याआधी छापलं तर बरं होईल, म्हणजे लायसन्सची ती ओळ आणि हँडओव्हरची अट या वर्षीच्याच ऑर्डरमधे टाकता येईल.

आपला नेहमीचा वाचक,
एक हार्डवेअर दुरुस्ती करणारा,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ
(कृपया नाव छापू नये)